बीट्रिक्स पॉटरबाई व त्यांचे चिमुकले सोबती

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशीं मीं पांचवीच्या वर्गांत मुलांना खारीचें चित्र काढावयास सांगितलें. खार हा कांहीं दूरदेशींचा प्राणी नव्हे. शाळेच्या आवारांतील चिंचेवर तिचें बिऱ्हाड आहे, आणि मधल्या सुटींत मुलांच्या डब्यांतून सांडलेले पोळीचे तुकडे उचलण्यास ती व्हरांड्यापर्यंत निर्भयपणें येते. अर्ध्या तासानें वह्या गोळा करून पाहतों तों कोणाच्या खारीच्या पाठीवर दोन पट्टे, कोणाच्या चार, कोणाच्या सात. एकीच्या अंगावर तर वाघाप्रमाणें आडवे पट्टे! मीं विचारलें, "मुलांनो, खारीच्या पाठीवर खरोखर पट्टे असतात तरी किती?" वर्गांत शांतता पसरली. शेवटीं मागच्या बाकावरील एक मुलगा धीर करून म्हणाला, "सर, तुम्हांला ठाऊक आहे का?" वर्ग हसला; मीही हसलों. परंतु खरें सांगावयाचें तर मलाही त्या क्षणीं खात्रीनें उत्तर देतां आलें नाहीं.

त्या दिवशीं घरीं परततांना मला एका इंग्रज चित्रकर्तीची आठवण झाली. तिचें नांव बीट्रिक्स पॉटर. तिचीं चिमुकलीं चित्रपुस्तकें आपल्या शाळेच्या ग्रंथालयांत अगदीं खालच्या फळीवर आहेत, आणि तीं इतकीं हाताळलीं गेलीं आहेत कीं, कित्येकांच्या पुठ्ठ्यांचीं टोकें झिजून गोल झालीं आहेत. निळा डगला घातलेला ससा, कमळाच्या पानाची होडी करून गळ टाकून बसलेला बेडूक, नगराध्यक्षाचा अंगरखा शिवणारे उंदीर, अशी ही सारी मंडळी आहे. वरवर पाहिलें तर हा केवळ पोरखेळ. परंतु त्या पोरखेळाच्या मुळाशीं अनेक वर्षांचें शांत व प्रामाणिक निरीक्षण आहे. ज्यानें ससा नीट पाहिला आहे त्यालाच सशाला डगला चढविण्याचा अधिकार पोंचतो, ही गोष्ट या बाईंच्या चरित्रावरून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रावरून होत असेल. म्हणून तें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

बीट्रिक्सचा जन्म लंडन शहरीं ता. २८ जुलै १८६६ रोजीं झाला. आईच्या व बापाच्या अशा दोन्ही घराण्यांनीं लँकेशायर परगण्यांत कापडाच्या व कापसाच्या धंद्यांत विपुल धन मिळविलें होतें. वडील रुपर्ट पॉटर बॅरिस्टर होते खरे, पण वकिली करून पोट भरण्याची त्यांना गरज नव्हती. त्यांना छायाचित्रें घेण्याचा नाद होता, आणि मिले या विख्यात चित्रकाराशीं त्यांचा घरोबा होता. घरीं नोकरचाकर होते, उंची सामान होतें. मात्र मुलीला खेळावयास सवंगडी नव्हते. घराच्या वरच्या मजल्यावरील एका खोलींत ती वाढली. बर्ट्रम नांवाचा एक भाऊ होता, तो तिच्याहून सुमारें सहा वर्षांनीं लहान. तोही पुढें शिक्षणासाठीं दूर गेला. बीट्रिक्सला मात्र शाळेंत घातलेंच नाहीं. तिला शिकविण्यास शिक्षिका घरीं येत.

आपण शाळेंत गेलों नाहीं हें बरेंच झालें, नाहीं तर आपल्या अंगचा निराळेपणा घासून गेला असता, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं पुढें मोठेपणीं काढले आहेत. आम्हां शिक्षकांना हें वाक्य थोडें टोंचतें, आणि तें टोंचावें हेंच बरें. सर्वांच्या घरीं शिक्षिका येऊं शकत नाहींत, आणि एकट्यानें वाढण्याचें दुःखही लहान नसतें. त्यामुळें शाळा तर हवीच. परंतु शाळेंत येऊनही मुलाचा निराळेपणा कसा टिकेल, हा प्रश्न या बाई आम्हांपुढें टाकून गेल्या आहेत.

सवंगडी नव्हते, म्हणून या भावंडांनीं प्राण्यांना सवंगडी केलें. ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघुळें अशा नाना जिवांना त्या खोलींत आश्रय मिळाला. बीट्रिक्स त्यांना खाऊं घाली, त्यांच्या लकबी न्याहाळी, आणि तासन्‌तास त्यांचीं चित्रें काढी. एखादा प्राणी मेला कीं, दोघें भावंडें त्याला उकळून त्याचा सांगाडा मोकळा करीत व हाडें जोडून पाहत. वाचणाऱ्यास याची किळस वाटेल. परंतु सशाच्या मागच्या पायाला बांक कोठें असतो व उंदराची मान कशी वळते, हें त्या मुलीला यामुळेंच कळलें. उन्हाळ्यांत हें कुटुंब तीन तीन महिने स्कॉटलंडांत जाऊन राही. तेथें झाडें, ओढे, रानफुलें व रानांतले प्राणी पाहण्यास तिला मोकळीक असे. ती सोळा वर्षांची असतां, १८८२ सालीं, हीं मंडळी प्रथमच इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरांच्या प्रदेशांत गेलीं. डोंगर, तळीं व मेंढ्या यांच्या त्या मुलखाचा तिच्या मनावर जो ठसा उमटला तो जन्मभर टिकला.

याच वयांत बीट्रिक्स रोजनिशी लिहूं लागली. ही रोजनिशी इतरांना वाचतां येऊं नये म्हणून तिनें स्वतःची एक गुप्त लिपि बनविली, आणि सुमारें १८८१ पासून १८९७ पर्यंत ती त्या लिपींत लिहीत राहिली. तिच्या मृत्यूनंतर लेस्ली लिंडर नांवाच्या एका गृहस्थानें ती लिपि उलगडण्याचा कित्येक वर्षें प्रयत्न केला. अखेर १८५८ नव्हे, १९५८ सालीं, म्हणजे लिखाण संपल्यावर साठाहून अधिक वर्षांनीं, एका पानावर त्याला रोमन आंकड्यांत सोळा व पुढें १७९३ हें वर्ष आढळलें. त्या वर्षीं फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद झाला, हें इतिहासांत नमूद आहे. तेवढ्या धाग्यावरून एक शब्द सुटला, एका शब्दावरून अक्षरें सुटलीं, आणि पंधरा वर्षांची रोजनिशी जगाला वाचतां आली. इतिहासांतील सनावळ्या कशाला पाठ करावयाच्या, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी!

तरुणपणीं पॉटरबाईंचें लक्ष भूछत्रांकडे गेलें. पावसाळ्यांत कुजक्या लांकडावर व ओलसर जमिनीवर जीं छत्र्यांसारखीं उगवतात, तीच हीं. स्कॉटलंडांतील चार्ल्स मॅकिंटॉश नांवाचा एक टपालवाला या विषयांत मोठा जाणकार होता. त्याच्याकडून त्यांना पुष्कळ माहिती मिळाली. त्यांनीं भूछत्रांचीं शेंकडों रंगीत चित्रें काढलीं, सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्यांचे बीजकण पाहिले, व ते बीजकण कांचेवर रुजवून त्यांना कोंब कसे फुटतात याची टांचणें केलीं. या शोधांचा एक निबंध तयार करून त्या लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिउद्यानांत गेल्या. तेथील मुख्य अधिकाऱ्यांनीं त्यांच्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें १ एप्रिल १८९७ रोजीं तो निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें ठेवण्यांत आला. परंतु त्या काळीं स्त्रियांना तेथें सभासद होण्याची किंवा सभेस बसण्याची मुभा नव्हती, म्हणून तो दुसऱ्याच गृहस्थांच्या हातून सादर करावा लागला. तो छापला गेला नाहीं, व आज तो उपलब्धही नाहीं. बरोबर शंभर वर्षांनीं, १९९७ सालीं, पॉटरबाईंना त्या वेळीं न्यायानें वागविलें गेलें नाहीं अशी कबुली त्या संस्थेच्या वतीनें देण्यांत आली. मात्र त्यांच्या चित्रांचें मोल कमी झालें नाहीं. १९६७ सालीं भूछत्रांवर निघालेल्या एका शास्त्रीय पुस्तकांत त्यांचीं कांहीं चित्रें छापलीं गेलीं, आणि अभ्यासक तीं आजही पाहतात.

शास्त्राचें दार असें बंद झालें. परंतु दुसरें एक दार त्यापूर्वींच किलकिलें झालें होतें. पॉटरबाईंना ज्यांनीं शेवटीं शेवटीं शिकविलें, त्या शिक्षिकेचें पुढें लग्न झालें, व त्यांना मुलें झालीं. त्यांच्यांतील थोरला नोएल पांच वर्षांचा असतां आजारानें अंथरुणास खिळला होता. ता. ४ सप्टेंबर १८९३ रोजीं पॉटरबाईंनीं स्कॉटलंडांतून त्याला एक पत्र धाडलें. काय लिहावें तें सुचेना, तेव्हां त्यांनीं त्याला चार सशांची गोष्ट लिहिली, आणि शाईनें मध्यें मध्यें चित्रें काढलीं. दुसऱ्या दिवशीं त्याच्या धाकट्या भावाला एका बेडकाची गोष्ट गेली. हीं पत्रें छापण्यासाठीं लिहिलेलीं नव्हतीं. एका आजारी मुलाला थोडें हंसूं यावें, येवढाच त्यांचा हेतु होता.

सुमारें सात वर्षांनीं पॉटरबाईंना वाटलें कीं, या गोष्टीचें पुस्तक करावें. सुदैवानें नोएलनें तें पत्र जपून ठेवलें होतें. त्यांनीं तें मागून घेतलें, गोष्ट वाढविली, आणि निदान सहा प्रकाशकांकडे ती पाठविली. सर्वांनीं ती परत केली. कोणाला पुस्तक मोठें हवें होतें, तर बाईंचा आग्रह असा कीं, पुस्तक लहान मुलाच्या हातांत मावलें पाहिजे आणि त्याची किंमत थोडी असली पाहिजे. शेवटीं कंटाळून त्यांनीं डिसेंबर १९०१ मध्यें स्वतःच्या पदरच्या पैशानें २५० प्रती छापून घेतल्या. त्या हां हां म्हणतां संपल्या, व आणखी २०० छापाव्या लागल्या. मध्यंतरीं कुटुंबाचे एक स्नेही, रॉन्स्ली नांवाचे पाद्री, यांनीं तीच गोष्ट पद्यांत रचून फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनी या प्रकाशकांकडे पाठविली होती. प्रकाशकांना पद्य रुचलें नाहीं. बाईंचें साधें गद्यच हवें, मात्र चित्रें रंगीत असावीं, असें त्यांनीं कळविलें. त्याप्रमाणें ऑक्टोबर १९०२ मध्यें 'पीटर रॅबिट'ची गोष्ट एक शिलिंग किमतीस बाजारांत आली, आणि तेव्हांपासून आजतागायत ती कधीं अदृश्य झाली नाहीं.

ही गोष्ट ज्यांनीं वाचली नसेल त्यांच्यासाठीं तिचा मासला देतों. एका झाडाच्या मुळांशीं एक विधवा सशीण आपल्या चार पिलांसह राहत असते. शेजारच्या मॅकग्रेगरच्या मळ्यांत पाऊल टाकूं नका, असें ती पिलांना बजावते. कारण त्यांचा बाप तेथेंच सांपडला व मॅकग्रेगरच्या बायकोनें त्याला शिजवून टाकलें. तीन बहिणी आईचें ऐकतात. पीटर मात्र सरळ मळ्यांत शिरतो, कोवळी पानें, घेवड्याच्या शेंगा व मुळे यथेच्छ खातो, आणि पोट जड झाल्यावर औषधी पाला शोधीत असतां मॅकग्रेगरच्या समोर उभा राहतो! मग धांवपळ. जोडे पायांतून निसटतात. डगल्याच्या मोठ्या गुंड्या फळझाडांवरील जाळ्यांत अडकतात. डगला टाकून तो सुटतो, एका झारींत लपतो, तर झारींत पाणी. आणि नेमकी त्याच वेळीं त्याला शिंक येते. अखेर तो कसाबसा घर गांठतो. आई त्याला वनस्पतीचा काढा पाजून निजविते, व बहिणींना दूध, पाव व रानफळें मिळतात. इकडे मॅकग्रेगर तो चिमुकला डगला व जोडे यांचें बुजगावणें करून मळ्यांत उभें करतो.

आतां या गोष्टींतील एक बारीक खुबी पाहा. पीटर डगला व जोडे घालून दोन पायांवर चालतो तोंवर तो एक हट्टी मुलगा आहे. जोडे जातांच तो चार पायांवर धांवूं लागतो, आणि अधिक वेगानें धांवतो. डगला गेल्यावर तर तो निव्वळ ससाच होतो, आणि म्हणूनच वांचतो. चित्रांतही तसेंच आहे. कपडे अंगावर असतांना त्याची ऐट माणसाची. कपडे गळतांच कान, पाठ, मागचे पाय, सारें कांहीं खऱ्या सशाचें. चित्रकर्तीनें सशाला फसविलें नाहीं, व वाचकालाही फसविलें नाहीं. बाईंच्या पदरीं पीटर नांवाचा खराच एक ससा होता, आणि त्याचा प्रत्येक आळोखापिळोखा त्यांच्या चित्रवहींत उतरला होता.

हीच खुबी दुसऱ्या एका पुस्तकांत अधिकच मनोहर दिसते. साळिंदराहून पुष्कळ लहान, अंगावर कांटे असलेला व भय वाटतांच चेंडूसारखा गोळा होणारा 'हेजहॉग' नांवाचा एक प्राणी इंग्लंडांत असतो. बाईंनीं पाळलेली अशी एक मादी 'मिसेस टिगीविंकल' या नांवानें परटीण झाली, आणि १९०५ सालीं पुस्तकरूपानें अवतरली. स्कॉटलंडांत त्यांच्या घरचे कपडे धुणाऱ्या एका वृद्ध परटिणीची छटाही तिच्यांत उतरली आहे. चित्र काढण्यासाठीं या प्राण्याला उभें धरावें लागे. मांडीवर झोपावयास मिळालें तर बाईसाहेब खूष. पण अर्धा तास उभें केलें कीं प्रथम केविलवाण्या जांभया देत व मग चावत, असें पॉटरबाईंनीं एका पत्रांत विनोदानें लिहिलें आहे. गोष्टींत एक लहान मुलगी आपले हरवलेले रुमाल शोधीत डोंगरांतल्या एका छोट्या दारापाशीं येते. आंत ही परटीण साऱ्या पशुपक्ष्यांचे कपडे इस्तरी करीत उभी असते. निरोप घेऊन मुलगी मागें वळून पाहते, तों ना टोपी ना शाल. एक लहानसा तपकिरी, कांटेरी प्राणी डोंगर चढून पळत आहे! लहान मुलाला वाटतें, हें स्वप्न होतें कीं खरें? आणि हा प्रश्न त्याच्याजवळच राहतो.

'ग्लॉस्टरचा शिंपी' ही गोष्ट (१९०३) बाईंना आपल्या सर्व पुस्तकांत अधिक आवडे. एका गरीब शिंप्याला नगराध्यक्षाच्या लग्नाचा अंगरखा शिवावयाचा असतो. तो आजारी पडतो. मांजराच्या तावडींतून त्यानें सोडविलेले उंदीर रात्रीं बसून तो अंगरखा शिवून टाकतात. शेवटचें एक काज मात्र राहतें, कारण रेशीम संपलेलें असतें. अठराव्या शतकांतील कपड्यांवरील कशिदा कसा असे, हें पाहण्यासाठीं बाई संग्रहालयांत जाऊन जुन्या अंगरख्यांचीं चित्रें काढून आल्या. उंदरांच्या गोष्टीसाठीं येवढी खटपट कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु टांका खरा असला म्हणजे टांका घालणारा उंदीरही खरा वाटूं लागतो.

तसेंच जेमायमा नांवाच्या बदकिणीचें (१९०८). आपलीं अंडीं आपणच उबवावीं अशी तिची हौस. पण बदकीण अंड्यांवर चिकाटीनें बसत नाहीं म्हणून शेतकऱ्याची बायको तीं कोंबडीखालीं ठेवते. रागावून ती रानांत जाते, व तेथें एका झुबकेदार शेपटीच्या सभ्य गृहस्थाच्या गोड बोलण्यास भुलते. तो तिला मेजवानीसाठीं मसाल्याचा पाला व कांदे आणावयास सांगतो, तरी तिला कांहीं उमगत नाहीं! पांचवीच्या वर्गांत ही गोष्ट वाचून दाखवितांना कांद्याचें नांव निघतांच मुलें ओरडतात, "अग, जाऊं नको!" शेतावरचा कुत्रा तिला सोडवितो खरा, पण त्याच्याबरोबर आलेलीं कुत्र्याचीं पिलें तिचीं अंडीं खाऊन टाकतात. कोल्हा कोल्हाच राहतो, पिलें पिलेंच राहतात. खोटा गोडवा येथें नाहीं.

प्राण्यांच्या मुखांतून बोलण्याची कला आपल्या देशाला नवी नाहीं. पंचतंत्र, हितोपदेश यांच्या गोष्टी आपण आजीच्या मांडीवर ऐकल्या आहेत. इसापनीतीही कित्येक पिढ्यांपूर्वीं मराठींत आली. तेथें प्राणी हें नीतीचें पात्र असतें. कोल्हा म्हणजे लबाडी, सिंह म्हणजे सत्ता, आणि शेवटीं तात्पर्य. पॉटरबाईंच्या गोष्टींत तात्पर्य सांगत नाहींत; प्राणी आपल्या स्वभावाप्रमाणें वागतो, त्याचें फळ त्याला मिळतें, आणि मूल आपलें तात्पर्य आपण काढतें. दोन्ही पद्धती आपापल्या जागीं थोर आहेत. आणखी असें कीं, या बाई लहानांसाठीं लिहितांना भाषा पातळ करीत नसत. एखादा अवघड शब्द नेमका असेल तर त्या तो बिनदिक्कत घालीत. एका पानावर चित्र व समोरच्या पानावर दोनचार वाक्यें, अशी रचना असल्यामुळें अडलेल्या शब्दाचा अर्थ मुलाला समोरच्या चित्रांतच सांपडे.

या यशाच्या ऐन भरांत त्यांच्यावर दुःखाचा आघात झाला. पुस्तकांचें काम पाहणारे नॉर्मन वॉर्न यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. त्यांनींच आपल्या पुतणीसाठीं केलेलें बाहुलीचें घर 'दोन वाईट उंदीर' या गोष्टींत (१९०४) चित्रिलेलें आहे. जुलै १९०५ मध्यें नॉर्मन यांनीं लग्नाची मागणी घातली. व्यापारी मनुष्य आपल्या तोलाचा नव्हे, म्हणून आईबापांनीं विरोध केला. ज्यांचें स्वतःचें धन कापडाच्या व्यापारांतून आलें, त्यांनींच हें म्हणावें! तरीही एकोणचाळीस वर्षांच्या या कन्येनें होकार दिला. परंतु एक महिना झाला नाहीं तोंच, २५ ऑगस्ट रोजीं, नॉर्मन यांचा रक्ताच्या विकारानें अंत झाला.

त्याच वर्षीं पॉटरबाईंनीं सरोवरांच्या प्रदेशांत नियर सॉरी या खेड्यांतील 'हिल टॉप' नांवाची शेतवाडी विकत घेतली. त्यांनीं दुःखाचें प्रदर्शन केलें नाहीं. त्या काम करूं लागल्या. पुढील आठ वर्षांत त्यांचीं उत्तमोत्तम पुस्तकें निघालीं, आणि त्या घराचा जिना, अंगण, फाटक, गांवची वाट हें सारें त्यांतील चित्रांत आलें. जमिनीच्या व्यवहारांत विल्यम हीलिस नांवाच्या तेथील वकिलांचें साह्य होत असे. त्यांच्याशीं त्यांनीं ऑक्टोबर १९१३ मध्यें विवाह केला. त्यानंतर चित्रें हळूहळू कमी झालीं. दृष्टि मंद होत चालली होती, आणि मन शेतीकडे व मेंढ्यांकडे लागलें होतें. त्या डोंगरांवर 'हर्डविक' नांवाची एक काटक, जाड्याभरड्या लोकरीची मेंढी असते. ती जात टिकावी म्हणून त्यांनीं धनगरांच्या खांद्यास खांदा लावून मेहनत घेतली. ज्या हातानें सशाची मिशी रेखली तोच हात आतां आजारी कोंकराची नाडी पाहूं लागला. मेंढ्या पाळणाऱ्यांच्या संघानें १९४३ सालीं त्यांना अध्यक्ष निवडलें. परंतु तें पद स्वीकारण्यापूर्वींच, २२ डिसेंबर १९४३ रोजीं, त्या निवर्तल्या.

पुस्तकांच्या उत्पन्नांतून व वारशांतून आलेल्या पैशानें त्या जमीन घेत गेल्या होत्या. श्रीमंतांनीं बंगले बांधून ती शेती मोडूं नये, हा त्यांतील हेतु. मृत्युपत्रानें त्यांनीं चार हजार एकरांहून अधिक जमीन व तीवरील शेतवाड्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेस देऊन टाकल्या. सुंदर स्थळें सर्वांसाठीं राखावीं म्हणून १८९५ सालीं ही संस्था ज्या तिघांनीं स्थापिली, त्यांपैकीं एक ते पद्य रचणारे रॉन्स्ली पाद्रीच होत. डोंगरावरील शेतांत हर्डविक मेंढ्यांचे कळप पुढेंही राखावे, अशी बाईंची इच्छा मृत्युपत्रांत नमूद होती. १९४६ पासून 'हिल टॉप' घर लोकांस पाहण्यास खुलें झालें, आणि २०१७ सालीं तो सर्व सरोवरांचा प्रदेश जागतिक वारशाच्या यादींत घेतला गेला. एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रांतील ससा किती दूर धांवला, पाहा!

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांतून घ्यावयाचें तें येवढेंच कीं, पाहणें ही फुकट मिळणारी गोष्ट आहे, परंतु ती स्वस्त नाहीं. तिला वेळ द्यावा लागतो. आपल्या घराभोंवतीं चिमणी आहे, सरडा आहे, गोगलगाय आहे, कुंपणावर बसणारा कोतवाल आहे. यांपैकीं एकाला आठ दिवस पाहा. रोज एक चित्र काढा. वाईट आलें तरी फाडूं नका. तो काय खातो, कोणाला भितो, कसा निजतो हें टिपून ठेवा. मग त्याला खुशाल फेटा बांधा, छत्री द्या, शाळेंत पाठवा! ती गोष्ट वाचणाऱ्यास खरी वाटेल.

आणि पालकांस एक विनंति. आपलें मूल मुंग्यांच्या रांगेपाशीं अर्धा तास बसलें, किंवा वहीच्या मागच्या पानावर मांजर काढीत राहिलें, तर "वेळ काय फुकट घालवितोस?" असें लगेच म्हणूं नये. पॉटर कुटुंबानें आपल्या मुलीला पुष्कळ गोष्टी नाकारल्या. पण कागद, रंग व प्राणी हे नाकारले नाहींत. त्या तीन वस्तूंवर एका एकाकी मुलीचें आयुष्य उभें राहिलें. तसेंच, मुलानें जपून ठेवलेलें एखादें जुनें पत्र किंवा चित्र केर म्हणून टाकूं नये. नोएलच्या घरीं तें पत्र कोणी केरांत टाकलें असतें, तर पीटर ससा कदाचित् जन्मासच आला नसता.

आतां खारीविषयीं. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत आम्ही चाळीस जण चिंचेखालीं मुकाट्यानें बसलों, आणि खार येण्याची वाट पाहिली. मागच्या बाकावरील तो मुलगा सर्वांत पुढें होता. आपल्या देशांत तीन पट्ट्यांच्या व पांच पट्ट्यांच्या अशा दोन्ही जातींच्या खारी आढळतात. त्यामुळें पुस्तक उघडून हा प्रश्न सुटत नाहीं, झाडाखालींच बसावें लागतें. आमच्या चिंचेवरील खारीला पट्टे किती, हें मीं येथें मुद्दामच लिहीत नाहीं. ती अजून तेथेंच आहे. सुटींत जाऊन पाहावें.